गस्तीच्या बोटीवरून दिलेली रिंग

भाईंदरजवळच्या पालीत लीलाधरला सगळे 'सरकारी तांडेल' म्हणायचे, आणि तेही कौतुकानं. दोन हजार सहाचा पावसाळा संपल्यावर मत्स्य खात्यानं गस्तीसाठी त्याची बोट भाड्यानं घेतली आणि बोटीसकट ती चालवणाऱ्या तांडेलालाही, म्हणजे लीलाधरला.

किनाऱ्यालगतचं पाणी डोलवाल्या लहान मच्छीमारांसाठी राखलेलं. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरनी तिथं यायचं नाही, असा कायदा होता. पण जवळच्या उथळ पाण्यात कोळंबी चांगली मिळते, म्हणून ट्रॉलर यायचेच आणि वाटेतल्या डोली फाडून न्यायचे. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं. समुद्राच्या तळात खुंट ठोकून त्यांना ते बांधतात, आणि पाण्याच्या ओढीनं बोंबील आपसूक त्यात शिरतो. एक डोल विणायला बायकांचा अख्खा पावसाळा जातो. ती फाटली की घरातली चूल गप्प होते. लीलाधरचा बाप डोलवालाच होता, म्हणून गावाला वाटलं, आता आपला माणूस पाण्यावर आहे.

बोटीवर खात्याचे महिपत गुरव साहेब असायचे. अलिबागकडचे, कमी बोलणारे, कामाला पक्के. रोज सकाळी बोटीत पाय ठेवला की विचारायचे, "लीलाधर, आज कुठल्या अंगाला जाऊया?" आणि लीलाधर सांगेल तिकडे बोट वळायची.

त्या भाऊबीजेला त्याची धाकटी बहीण नेत्रा आली. तिला खाडीपलीकडे दिलेली. नवरा परेश, स्वतःचा ट्रॉलर असलेला माणूस. ओवाळून झालं, जेवणं झाली, वहिनी भांडी घासायला मागल्या दारी गेली, तेव्हा नेत्रा म्हणाली, "दादा, एक काम हाय."

"बोल की."

"खोल पान्यात आता काय मिलत न्हाय. यांची बोट तुमच्या बाजूला येते कधीकधी. पकडली तर परवानाच जाईल. तू गस्तीला निघालास की नुसती रिंग दे. बोलू पन नको. एक वाजली की कट कर."

लीलाधर म्हणाला, "हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाय."

नेत्रा रडली नाही, भांडलीही नाही. तिनं फक्त ताटातली वात सरळ केली आणि म्हणाली, "बरं." आई गेल्यावर ह्या बहिणीला त्यानं लहानाची मोठी केली होती. त्या एका 'बरं'नं तो हलला. ती निघताना रिक्षापाशी जाऊन म्हणाला, "परेशरावांना सांग, रिंग दिली की लगेच बाहेर जायचं. आपल्या लोकांच्या डोलीकडं फिरकायचं न्हाय."

तेव्हापासून बोट सुटताना तो इंजिनापाशी वाकायचा, खिशातला मोबाइल चाचपायचा, एक रिंग द्यायचा आणि कट करायचा. आपण काही बोललोच नाही, असं तो स्वतःला सांगायचा. मिस्ड कॉल तर कोणीही कोणालाही देतं. साहेबांनी "कुठल्या अंगाला?" विचारलं की तो परेशच्या नेहमीच्या जागेच्या उलट दिशेला हात करायचा.

डिसेंबरातल्या एका सकाळी त्याला तसं करता आलं नाही. गस्तीला निघताना त्यानं नेहमीसारखी रिंग दिली होती. पण तेवढ्यात साहेबांना कुणाचा तरी फोन आला आणि ते म्हणाले, "पालीसमोरच ट्रॉलर आहे म्हणतात. सरळ चला."

बोट पोचली तेव्हा ट्रॉलर लांब गेला होता, ठिपक्याएवढा. पाण्यावर तुटलेले दोर आणि डोलीचे बोये तरंगत होते. मधोमध कमळाबाईंची होडी वाकडी उभी होती आणि तिच्यात त्यांचा खलाशी नाथा हात पोटाशी धरून बसला होता. अंगावरचा शर्ट रक्तानं भिजलेला.

कमळाबाई विधवा. नवऱ्यामागे दोन डोली आणि नाथासारखा जुना खलाशी, एवढ्यावर त्यांनी घर चालवलेलं. त्या दोन्ही डोली खुंटांसकट उपटून गेल्या होत्या.

"काय झालं, नाथा?" लीलाधरनं त्याला उचलून आपल्या बोटीत घेत विचारलं.

"डोल काढीत होतो," नाथा दात आवळून म्हणाला. "तो तिकडं आरामात ओढीत होता. मी ओरडलो, तसा वलतही होता. मंग काय झालं कोन जानं, एकदम इंजिन वाढवलं न् जालं पान्यात तसंच ठेवून पलाला. आमच्यावरनंच गेला. दोर तानला, त्यात माजा हात."

'मग काय झालं', ते ऐकणाऱ्यांपैकी एकालाच ठाऊक होतं.

साहेबांनी पळणाऱ्या ट्रॉलरकडे पाहिलं, मग नाथाकडे. "आधी माणूस," म्हणाले. लीलाधरनं बोट फिरवली. किनाऱ्यावरून टेम्पोनं भाईंदरला दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली.

दवाखान्याच्या ओट्यावर कमळाबाईंनी लीलाधरचे दोन्ही हात धरले. "लील्या, तू येलेवर आलास म्हनून मानूस वाचला माजा. देवानंच धाडला तुला."

त्याला हात सोडवून घ्यायचे होते, पण त्या सोडेनात.

त्याच दिवशी, दवाखान्यामागच्या गल्लीत उभं राहून त्यानं परेशला फोन लावला. या खेपेला कट केला नाही.

"परेशराव, पालीसमोर तुम्ही होतात?"

पलीकडे इंजिन धडधडत होतं. परेश म्हणाला, "तुम्हीच रिंग दिली ना, दादा? मला वाटलं, आलेच. जालं ओढायला टाइम कुठं होता?"

"माणसाचा हात गेलाय."

"मी मुद्दाम केलं काय? रिंग नसती आली तर मी आरामात निघालो असतो."

परेश खोटं बोलत नव्हता, हेच सगळ्यात वाईट होतं.

कमळाबाईंच्या घरून आता रोज त्याच्याकडे कालवणाची वाटी यायची. डोली गेल्या, तरी कुठून कुठून मासळी मागून त्या करायच्या. लीलाधर ती वाटी झाकून ठेवायचा. बायको चंपा म्हणायची, "अहो, खा तरी. एवढ्या मायेनं धाडतात." तो म्हणायचा, पोट बरं न्हाय. आठवड्याभरात त्याची कॉलर सैल झाली. चंपाला वाटलं, समुद्राचा वारा बाधला.

पुढच्या गस्तीला त्यानं मोबाइल घरी ठेवला. साहेबांनी विचारलं, "कुठल्या अंगाला?" तेव्हा परेश जिथं असायचा तिकडेच त्यानं हात केला. ट्रॉलर जाळं टाकून संथ चालला होता. पकडला गेला. मासळी जप्त होऊन तिचा लिलाव झाला, परवाना अडकला. साहेब कागद करीत असताना परेश कठड्याला टेकून मेव्हण्याकडे बघत राहिला. एका शब्दानं सगळं सांगता आलं असतं त्याला. नेत्रासाठी तो गप्प बसला असावा. लीलाधर दोर गुंडाळत होता, आणि एकच दोर परत परत गुंडाळत होता.

साहेबांनी परतताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यासारखी माणसं असली की कायदा कागदावर राहत नाही."

तो हात खांद्यावरून निघाला तरी लीलाधरला तो जाणवत राहिला. त्याला वाटलं होतं, परेशला पकडून दिलं की छाती मोकळी होईल. झालं उलटंच. आधी त्यानं गावाला फसवलं होतं. आता बहिणीलाही, आणि तेही साहेबांच्या आडून, तोंड न उघडता.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या वेळी तो कमळाबाईंकडे गेला. त्या अंगणात नवं जाळं विणत बसल्या होत्या. तो उभ्यानंच बोलला. भाऊबीज, रिंग, परेश, सगळं.

कमळाबाईंची सुई थांबली. त्या म्हणाल्या, "ह्ये मला कशाला सांगितलंस?"

"राहवंना, काकी."

"तुला राहवंना म्हनून माज्या उरावर ठेवलंस व्हय? त्या बोटवाल्याला मी रोज शिव्या घालीत होते, मोकली होत होते. आता तुला घालू? रोज दारावरून जातोस तू."

त्यांनी सुई पुन्हा चालवली.

"नाथाला सांगितलंस?"

"न्हाय."

"मंग माज्याकडं काय आलास? हात त्याचा गेलाय."

नाथाकडे जायला लीलाधरला आणखी दोन दिवस लागले. नाथानं सगळं ऐकून घेतलं, पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून. म्हणाला फक्त, "मला तंबाखू मलून दे." लीलाधरनं ती मळून दिली.

साहेबांना सांगायला गेला, तेव्हा त्यांनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. गस्तीचं काम त्याच दिवशी बंद झालं. पोलिसांत द्यायचं की नाही, याचा विचार त्यांनी एक रात्र केला आणि दिलं नाही. "तुम्ही स्वतः आलात म्हणून," एवढंच म्हणाले, आणि त्याच्याकडे न बघता फाइल ओढली.

गावात कळायचं ते कळलं. 'सरकारी तांडेल' हे नाव राहिलं, पण आता ते म्हणताना लोक हसायचे.

चैत्रात कमळाबाईंचं नवं जाळं तयार झालं आणि त्यांना खलाशी मिळेना. एका पहाटे त्यांनी दारातूनच हाक मारली, "लील्या, होडी ढकलायला मानूस न्हाय. येतोस?" आवाजात माफी नव्हती, निकड होती. तो गेला. स्वतःची बोट भावकीतल्याला चालवायला दिली आणि नाथाच्या जागी उभा राहिला. कमळाबाई आता स्वतः होडीत यायच्या, पण त्याच्याशी कामापुरतं बोलायच्या. ओढ, सोड, धर.

नेत्रा पुढच्या भाऊबीजेला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चंपानं दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही.

होडी किनाऱ्याला लागली की नाथाचा वाटा वेगळा काढायचा, हे लीलाधरनं कुणी न सांगता ठरवलं होतं. टोपली तो स्वतः नेऊन द्यायचा. नाथाची बायको ती घ्यायची, आत जायची, दार लोटायची. असं तीन मोसम चाललं.

दोन हजार नऊच्या शेवटी एकदा दार नाथानंच उघडलं. डाव्या हातानं टोपली घेतली, आत ठेवली. मग जरा घुटमळून म्हणाला, "च्या ठेवलीय. ये आत."

लीलाधर उंबऱ्याबाहेर उभा होता. आतून चहाचा आणि सुक्या बोंबलांचा वास येत होता.

"पायाला वालू हाय," तो म्हणाला, आणि गल्लीतून खाली चालू लागला.