मानसिंगचे प्लॉट लाल झाले

दीपमालाचा भाऊ संजय गोठ्यातली म्हैस सोडायला गेला आणि वरचा डोंगर खाली आला. वेल्ह्याच्या त्या वस्तीवर तोवर कधी दरड पडली नव्हती. त्याआधीच्या उन्हाळ्यातच जमिनी विकणाऱ्या मानसिंगने बंगल्यांच्या प्लॉटसाठी रस्ता काढताना डोंगराचा पायथा जेसीबीने उभा कापला होता. चौकशीत मात्र ‘अतिवृष्टी’ एवढंच लिहिलं गेलं. संजयच्या पुण्यानुमोदनाला, त्या शोकसभेत, मानसिंग पहिल्या रांगेत येऊन बसला. दीपमालाने तेव्हाच मनात गाठ मारली.

भोरच्या कॉलेजात तिने भूगोल घेतला, पुण्याला जाऊन संगणकावर नकाशे करायला शिकली. भोर-वेल्ह्यात दरडींचा धोका कुठं आहे, हे दाखवणारा नकाशा ज्या संस्थेकडे होता, तिथेच तिने नोकरी धरली. चढ, माती, पाऊस, ओढे, जुन्या दरडी असा थरावर थर बसवला की संगणक जमिनीला रंग देई. हिरवा, पिवळा, नाहीतर लाल; लालात बांधायला आणि राहायला बंदी. मानसिंगचे नवे प्लॉट पिवळे आले.

एक आकडा वाढवला की लाल होणार होते. तिचं बोट तिथवर गेलंही. पण खोटा रंग तो वकील लावून पुसून टाकील, हे तिला कळत होतं. मग तिच्या ध्यानात आलं, डोंगर कापून काढलेले रस्ते नकाशात नाहीतच. सरकारी कागदांवर ते नव्हतेच. भर उन्हात ती एकेका कापाखालून चालली, मोबाईलवर जागा टिपत, टेपने उंची मोजत. तो थर चढला आणि प्लॉट लाल झाले.

त्याच लालात तिच्या आईचं, म्हणजे अक्काबाईचं, उरलेलं घरही आलं.

“हे रागातून केलंय का?” वरिष्ठांनी विचारलं.

“राग आहेच, सर. मापं तपासून घ्या.”

त्यांनी स्वतः जाऊन तपासली. बरोबर निघाली.

“आई, आपल्यालाबी हितनं उठावं लागंल,” तिने घरी सांगितलं.

“त्या मानसिंगला बांधाया मिळंल का?”

“न्हाई.”

“मग उठू की.”

बांधकामाची परवानगी अडली तसा मानसिंग दारात आला. “ताई, पिवळा करता येतोय का बघा.”

पोत्यात भांडी भरता भरता अक्काबाईने दरडीकडे बोट केलं. “तितं माजा संजय गेला. त्याला इचारा.”

घर सोडून आल्यावर वरवे बुद्रुकच्या पत्र्याच्या खोलीत अक्काबाईचा जीव रमत नाही. रविवारी लेक आली की ती आधी विचारते, “इकला का त्याचा येक तरी प्लॉट?”

“न्हाई.”

मग ती भाकरी थापायला बसते.