लांडग्याच्या नावावर खपवलेला मुडदा

माणसाचा गळा लांडग्याने फाडला आणि त्याच्या पांढऱ्या बंडीवर रक्ताचा डाग नाही, तर तुम्ही कोणावर संशय घ्याल?

तो प्रसंग अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. महाराष्ट्र राज्य नवीन होतं. मी जळगाव जामोद भागात फौजदार होतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाने बिळांना धुरी देऊन लांडगे कधीच संपवले होते. पुढे एका म्हाताऱ्या धनगराने डोंगरातून लांडग्याची पिल्लं आणली, कुत्रीच्या दुधावर वाढवली आणि माळावर सोडली. गावच्या शेळ्या जाऊ लागल्या. लोकांचा राग खोटा नव्हता. शेळीबरोबर लेकरांचं दूध जात होतं.

एका सकाळी मोठ्या शेतमालकाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचा गडी, माळावर मेलेला सापडला. वर्दी मालकानेच दिली.

"लांडग्यानं फाडला, सायेब. अन् लांडगा कोनं आनला, हे पुऱ्या गावाले ठाऊक आहे."

आम्ही पोहोचलो तेव्हा धनगराच्या मेंढवाड्याभोवती माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी होती. मी त्याला जीपमध्ये घातलं. अटक नव्हती ती. तो जिवंत राहायला हवा होता.

"पिल्लं काऊन सोडली, बाबा?"

"लांडगा दुखनाईत मेंढरू पयले उचलते, सायेब. लांडगा गेला अन् माह्या कळपात रोग घुसला."

पंचनाम्याला भर दुपारी माळावर गेलो. ऊन होतं, वारा होता, पण एका पाखराचा आवाज नव्हता. बाभळीखाली कावळे पडले होते, चोची उघड्या. पुढे एक गिधाड पंख पसरून पालथं. मधोमध अर्धी खाल्लेली शेळी, आणि तिच्यावर बसलेल्या माश्या तिथेच मरून काळा थर झाला होता. माझा शिपाई कुजबुजत बोलू लागला. ऐकायला तिथे होतं कोण?

प्रेताची जखम मोठी, पण कोरडी होती. मेलेल्याला चिरलं तर रक्त वाहत नाही. मुडदा शवविच्छेदनाला पाठवून मी सालदाराच्या बायकोकडे गेलो.

"काल ते काय जेवले, बाई?"

"मटन. लांडगा टाकून जाते ते आमी आनतोच, पयलेपासून. हासत होते, म्हने आज लांडग्याच्या घरी पंगत आहे. माहा सोमवार होता, मी नाही खाल्लं. ते जेवून मालकाच्या मळ्यात राखनीले गेले."

मोठ्या माणसावर ओरडलं की त्याला वकील आठवतो. मी मालकाला खुर्ची दिली, चहा पाजला.

"शेळी तुमचीच ना?"

त्याने कप खाली ठेवला. "माहीच. लांडगा उरलेलं खायाले परत येते, म्हनून कपाशीचं औषध चोळलं. मानसासाठी नाही हो, सायेब."

"आणि गळा?"

"मळ्यात मेलेला दिसला. मंग माळावर नेला, इळा लावला. लांडगा म्हटलं का कोनी इचारत नाही."

पोटात विषच निघालं. मालकावर खटला भरला. धनगरावरचा आळ गेला, पण त्याच दिवशी तो कळप घेऊन निघून गेला. त्याला कुऱ्हाड दाखवणाऱ्यांपैकी एकही माफी मागायला आला नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं की भ्यालेला गाव पुरावा मागत नाही, आरोपी मागतो. लांडगा असावा की नसावा, यावर खुशाल भांडा. पण माळावर विष टाकणाऱ्याला लांडगाच सापडेल, याची हमी कोण देणार? तुमच्या शिवारात असं विष चोळलेलं मेलेलं जनावर दिसलं तर ते कोणाला उचलू देऊ नका. तिथे माणूस बसवा आणि टाकणाऱ्याचं नाव ठाण्यात येऊन सांगा. तो तुमचा सख्खा भाऊ असला, तरी सांगा.