आधी कड वाचा

फीत मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, छातीकडे बघत. साताऱ्याच्या पोवई नाक्याजवळ त्यांचं शिवणाचं दुकान होतं. रजेवर आलेला एखादा जवान गणवेशात समोरून जाताना दिसला, की पायरीवर बसल्या बसल्या ते त्याची अख्खी नोकरी वाचून दाखवायचे. "ह्यो सियाचीनला जाऊन आलाय. नऊ वर्सं झाल्यात भरती हून. पर दोन नंबरची फीत तीन नंबरला शिवलीया. घरी बायकूकडनं शिवून घेतलेलं दिसतंय गड्यानं." मग त्या जवानाला हाक मारायची, हातातली पँट बाजूला टाकायची आणि फिती उसवून परत रांगेत लावून द्यायच्या. जवान ओशाळून सॅल्यूट ठोकायचा. मास्तर दोरा दाताने तोडायचे आणि म्हणायचे, "छातीवर खोटं लिवू नये."

मास्तर पलटणीत शिंपी होते. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या छातीवर फिती शिवण्यात गेली, त्यामुळे कुठल्या रंगाची फीत कुठल्या लढाईच्या पदकाची हे त्यांना पाठ होतं; म्हणून लोक त्यांना फीत मास्तर म्हणत. मी सांगलीच्या कॉलेजात इतिहास शिकवायचो आणि जुनी पदकं जमवायचो. जमवायचो म्हणजे सराफांच्या मोडीतून उचलायचो, पुस्तकात चित्र शोधायचो आणि आपल्याला फार कळतं असं समजायचो. पहिल्या भेटीत मी मोठ्या ऐटीत एक पदक त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्यावरच्या राजाबद्दल दहा मिनिटं बोललो. मास्तरांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग पदक आडवं धरलं, अंगठ्याचं नख त्याच्या कडेवरून हळूहळू फिरवलं आणि म्हणाले, "सर, राजाचं त्वांड समद्यांवर सारखंच. कड वाचा. मानूस कडंला असतो."

तेव्हा मला कळलं, की इंग्रजांच्या काळच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. मास्तरांना इंग्रजी येत होतं ते तेवढंच, कडेवरचं. नाव लागलं की ते त्या माणसाचं घर शोधायला निघायचे. एसटीने जायचे, वाडीवस्तीवर विचारत फिरायचे, आणि घर सापडलं की पदक त्या घरात ठेवून यायचे. मी मात्र माझी पदकं कपाटात ठेवायचो. त्यावर ते मला कधी काही बोलले नाहीत.

त्यांचा दुसरा नियम धुण्याचा. पदक कितीही काळं पडलेलं असो, त्याला काही लावायचं नाही. "काळं हाय म्हनून वाचलंय. लोकं चमकवाय जात्यात आन् नाव पुसून बसत्यात. आदी कड वाचा, मग काय ती पूजा करा." हे वाक्य मी त्यांच्याकडून किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. त्यांच्या पाठीमागे मी त्याची नक्कलही करायचो, आणि कॉलेजच्या स्टाफरूममध्ये लोक हसायचे.

एकदा आम्ही दोघे कडेगावला एका लग्नाला गेलो होतो. मांडवात नवऱ्यामुलाचा चुलता वारलेल्या भावाची पदकं कोटावर लावून मिरवत होता. मास्तर अस्वस्थ झाले. त्यांनी त्याला मांडवामागे नेलं. मला वाटलं, आता तमाशा होणार. पण त्यांनी नुसती पदकं डावीकडून काढून उजवीकडे लावली. "दुसऱ्याची लावायला हरकत न्हाई, पर उजवीकडं. डावी बाजू ज्यानं कमावली त्याची." चुलता उलट खूष झाला आणि पंगतीत मास्तरांना आग्रह करकरून जिलबी वाढत राहिला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते लिहितो.

सांगलीत गणपती पेठेतला एक सराफ माझ्यासाठी मोडीतले तुकडे बाजूला काढून ठेवायचा. एकदा त्याने कोळशासारखी काळी चांदीची चकती दिली. पहिल्या महायुद्धाचं पदक होतं. फीत ओवायची वरची मूळ दांडी कापून कुणीतरी तिथे दोऱ्यात ओवायची कडी डागून बसवली होती. दोन दिवसांनी कॉलेजात माझ्या पदकांचं प्रदर्शन होतं. मला वाटलं, असलं ध्यान कसं मांडायचं? मी सराफाला सांगितलं, कडी काढ, नवी दांडी बसव आणि मशीनवर चांगलं चकचकीत करून दे. तो बिचारा म्हणेल ते करणारा. संध्याकाळी पदक आरशासारखं होऊन हातात आलं आणि तेव्हा मला कड आठवली. कडेवर नावाच्या सुरुवातीची, इंग्रजीतली 'पां' एवढीच अक्षरं आणि पलटणीच्या जागी एक-दोन ओरखडे, बाकी सपाट. प्रदर्शन झालं, लोकांनी वाहवा केली. मला त्यातलं काही गोड लागलं नाही.

पुढच्या रविवारी पदक खिशात घालून साताऱ्याला गेलो. चूक कबूल करायची, मास्तरांच्या चार शिव्या खायच्या आणि मोकळं व्हायचं असं ठरवलं होतं. पण त्या दिवशी मास्तरच बोलायच्या लहरीत होते. शिलाई मशीनच्या खणातून त्यांनी एक पितळी पदक काढलं. इतक्या वर्षांत ते त्यांनी मला कधी दाखवलं नव्हतं.

"आमचा आजा, पांडू. जर्मनच्या लढाईत तिकडं इराकात, बसऱ्याला ग्येला, परत आलाच न्हाई. सरकारनं आजीला दोन पदकं धाडली, येक चांदीचं, येक ह्ये. वडील तवा पाळन्यात. आजीनं चांदीच्या पदकाची दांडी कापून कडी बसवून घ्येतली आन् काळ्या दोऱ्यात वडलांच्या गळ्यात बांधलं. म्हनायची, बाप बघाय मिळाला न्हाई, बापाचं नाव तरी अंगावर असूं द्या. मागनं दुस्काळात ते सांगलीकडं मोडलं. आज्याचा फोटू न्हाई, माती कुटं झाली ठावं न्हाई. त्येचं नाव दोनच जागी हाय सर, ह्या कडंला आन् त्या कडंला." मग पदक पुसत म्हणाले, "येवढी लोकांची घरं हुडकली ती त्येच्यापायीच. कवातरी आपलं बी घावंल."

माझा हात खिशात होता. पदक माझ्या मुठीत होतं. मी ते काढलं नाही. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो आणि पाचच्या गाडीने परत आलो. वाटेत मनाला समजावत होतो, 'पां'वरून सुरू होणारी नावं काय कमी आहेत? पण कडी होती. ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती आणि माझ्या तोंडाने काढायला सांगितली होती.

नंतर चार वर्षं मास्तर दर भेटीत विचारायचे, "सांगलीकडं काय घावलं का सर, कडी बसवलेलं?" आणि मी म्हणायचो, "नाही, मास्तर." हे लिहितानाही मला लाज वाटते. पहिल्या वेळी भ्यालो होतो असं म्हणता येईल. पुढच्या प्रत्येक वेळी मी नुसता खोटारडा होतो.

काचबिंदूने त्यांची नजर गेली. दुकान बंद करून ते लोणंदला लेकीकडे राहायला गेले. गेल्या दिवाळीनंतर सुनंदाताईंचा, म्हणजे त्यांच्या लेकीचा फोन आला, दादा (वडलांना त्या दादाच म्हणत) फार थकलेत, येऊन जा. तेव्हा कुठे मी ते पदक नेलं. त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणालो, "मास्तर, सांगलीत सापडलंय."

त्यांनी ते जोखलं, आडवं धरलं आणि नख कडेवर लावलं. नख फिरलं, परत फिरलं. वर नव्या दांडीच्या बुडाशी येऊन थांबलं. तिथे जुन्या डागाचा किंचित खडबडीतपणा राहिला होता. बराच वेळ ते तिथेच चाचपत राहिले.

"हितं कडी हुती," ते म्हणाले. "घासलंय कुनी? मशीनवर घासलंय."

"सराफाने घासलं असेल," मी म्हणालो.

"त्येला काय ठावं. त्येला कुनी सांगितलं नसंल." मग पदक मुठीत धरून म्हणाले, "असूं द्या. वितळलं न्हाई, ह्येच लय झालं."

त्यांनी सुनंदाताईंना ट्रंकेतून छातीवर लावायची एक पट्टी काढायला लावली. नजर शाबूत होती तेव्हाच त्यांनी ती शिवून ठेवली होती, दोन पदकांची, दोन फितींची. एका जागेवर पितळी पदक लटकत होतं, दुसरी मोकळी होती. चाचपत चाचपत त्यांनी चांदीचं पदक तिथे अडकवलं. "चांदीचं पयलं, पितळी मागनं. बरोबर हाय न्हवं सर?" मी हो म्हणालो. "आता दोन्ही तुमच्याकडं ऱ्हाऊं द्या. तुमाला कड वाचाय येती." मी नको म्हणायला हवं होतं. मी पट्टी घेतली आणि त्यांच्या पाया पडलो. दोन महिन्यांनी मास्तर गेले.

परवा त्यांच्या गावी, कडेगावच्या बाजूला, जर्मनच्या लढाईत गेलेल्या शिपायांच्या नावांचा दगड नव्याने बसवला. सुनंदाताईंनी पट्टी मागितली म्हणून मी ती घेऊन गेलो. देवळासमोर बायका जमल्या होत्या. ताईंनी पट्टी हातात घेतली आणि कुणी न सांगता पदराच्या उजव्या बाजूला लावली. मग बापाच्याच सवयीने पितळी पदक आडवं धरून नख फिरवलं आणि शेजारच्या बाईला पणज्याचं नाव वाचून दाखवलं. दुसरं पदक धरलं. नख फिरवलं, थांबल्या, परत फिरवलं.

"सर, ह्येच्यावर नाव न्हाई," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "दादा तर म्हनायचे दोन्हीवर हाय."

"होतं, ताई," मी म्हणालो. "मी घासलं. सराफाने नाही, मी घासायला लावलं. आणि मला सांगितलेलं होतं."