वहिनीच्या पुरवणीचं परीक्षण

पवनीत आमचं हातमागाच्या साड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की मी तिथेच लॅपटॉप उघडून अनोळखी लोकांच्या लिखाणातल्या चुका काढत बसायचो.

फाशांचा एक खेळ आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो, एक जण गोष्ट सांगतो, आणि अडलं की फासे टाकून पुढचं ठरतं. मूळ गोष्ट छापील पुस्तकात असते, ती महिनोन्‌महिने चालते. जगभरचे शौकीन तिला स्वतःच्या पुरवण्या लिहितात, नवी गावं, नवी संकटं, आणि इंटरनेटवर फुकट टाकतात. एका संकेतस्थळावर मी या पुरवण्यांची इंग्रजीत परीक्षणं करायचो. कडक लिहितो म्हणून तिथे माझं थोडं नाव झालं होतं.

रविवारी आम्ही एका शिक्षक मित्राकडे खेळायचो. त्याची बायको आधी चहा देऊन आत जायची. मग दारात उभी राहून ऐकायला लागली, मग एक खुर्ची तिची झाली. ती आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली खेळायची. मी ते कधी बोललो नाही.

एकदा खेळ संपल्यावर ती म्हणाली, "भाऊजी, मी बी एक पुरवणी लिवली. तिथं टाकली हाय. तुमी लोकायचं वाचता, माह्यं बी वाचा न."

"वाचतो. पण मी ओळख पाहत नाही, वहिनी."

"पाहूच नोका."

चाळीस पानं होती. इंग्रजी शब्दकोश घेऊन लिहिलेलं, अडखळतं. एका गावात पाणी शिरणार आहे. पात्रांनी घरोघर जायचं आणि प्रत्येक घरातून एकच वस्तू बाहेर काढायची. लढाई नाही, खजिना नाही. मूळ गोष्ट बर्फाच्या मुलखातली, आणि हिचं गाव धानाच्या बांध्यांचं, म्हणजे भातखाचरांचं. मी बारा पानं वाचली, बाकीची चाळली. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं तिथलं कोणी म्हणू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पाचपैकी दोन तारे दिले. भाषा कच्ची, नियम अर्धवट, असं लिहिलं. शेवटी लिहिलं की हे गाव खरं वाटत नाही, लिहिणाऱ्याने असं गाव कधी पाहिलेलं दिसत नाही. हे वाक्य लोकांना फार आवडलं. खाली हसण्याच्या प्रतिक्रिया येत राहिल्या, आणि मी त्या मोजल्या.

पुढच्या रविवारी तिची खुर्ची रिकामी होती. मित्राने फासे काढलेच नाहीत.

"पूर्ण वाचलं होतं का बे तू?"

"वाचलं ना."

"मंग शेवटचं पान सांग."

त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं की हे तिचं माहेर आहे, धरणाच्या बुडितात गेलेलं. घरं खरी आहेत, माणसांची नावं तेवढी बदलली आहेत.

आमचा खेळ त्या दिवशी बंद झाला. पुढे कामासाठी मी नागपूरला राहायला गेलो. तिथे नवे खेळणारे मिळाले. एका सुटीत मी त्यांना तिची पुरवणी खेळवली, आधी नीट वाचून. एका घरातून जातं काढायचं की भिंतीवरचा फोटो, यावर पाच मोठी माणसं तासभर भांडली. मी घरी येऊन दुसरं परीक्षण लिहिलं, पाच तारे दिले, आणि आठवड्याने पवनीला तिच्याकडे गेलो.

ती सुपात तांदूळ निवडत होती. मी सांगितलेलं सगळं तिने ऐकलं.

"दुसरं बी वाचलं मी," ती म्हणाली. "त्यात तुमचाच मोठेपणा जास्त हाय, भाऊजी. चूक कबूल केली म्हणून लोक तुमचीच तारीफ करून राहिले."

"मले वाटलं, तुमाले बरं वाटन."

"कायले वाटन? मी तिथून काढून टाकली ते. तुमच्याजवळची बी काढून टाका."

"राहू द्या ना, वहिनी."

"काढा. माह्यासमोर."

मी लॅपटॉप उघडला आणि फाईल काढून टाकली. नागपूरला मी एकही प्रत ठेवली नव्हती. तिने पडद्याकडे पाहिलं आणि सूप घेऊन आत गेली. मित्र मला फाटकापर्यंत सोडायला आला नाही.

त्या गावात एकवीस घरं होती. आज मला त्यातली सात-आठच आठवतात.