कणकेचे दोन गोळे

पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट. मी नागपुरात बी.एड. करत होते. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी पाच-सहा वर्षांच्या मुलाचं निरीक्षण करून वही द्यायची होती. त्यात नापास झाले तर पुरं वर्ष वाया, आणि शाळेतली कबूल झालेली नोकरीही हातची जाणार. शिकवणाऱ्या मॅडम अशा, की वहीत खाडाखोड दिसली की मार्क कापलेच.

प्रयोग पुस्तकात दिलेला होता. कणकेचे दोन सारखे गोळे करायचे, एक मुलासमोर लाटायचा आणि विचारायचं, कणीक कशात जास्त? एवढी लहान मुलं पसरलेल्या पोळीकडे बोट दाखवतात, असं पुस्तक सांगत होतं. मला स्वतःच्या हुशारीची फार घमेंड. उत्तर ठाऊकच आहे तर मुलीला विचारून लिहिलं काय नि आधी लिहिलं काय, असं म्हणून मी शनिवारीच सुंदर अक्षरात लिहून टाकलं, ‘मुलीच्या मते पोळीत कणीक जास्त.’ तारीख मात्र रविवारची घातली.

रविवारी मोठ्या बहिणीकडे गेले. ती लग्नाकार्यात लांब रोट्या करून द्यायची. सैलसर कणकेचा एवढासा गोळा दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकायचा. तिची पाच वर्षांची लेक रोज शेजारी बसून हे पाहायची. कणीक घरात होतीच, म्हणून मी नेमकी हीच मुलगी निवडली होती. कपाळ माझं!

मी गोळे केले, एक लाटला आणि विचारलं. ती म्हणाली, “सारखीच.”

“नीट पाहा बरं.”

“पायलं न. सारखीच हाय.”

मी पोळी आणखी मोठी केली. बिस्किट देऊ केलं. शेवटी आवाजही चढवला. पोरीनं बिस्किट खाल्लं आणि मलाच समजावलं, “मावशी, तू काही टाकलं नाही, काही काढलं नाही. मंग जास्त कुठून आली वं?”

आतून बहीण ओरडली, “लेकराले काहून तरास देऊन राहिली वं?”

मला रडू यायला लागलं होतं. पुढचा प्रयोग पाण्याचा. दोन पेल्यांत सारखं पाणी घेतलं आणि एकातलं शरबताच्या उंच ग्लासात ओतलं. ती लगेच म्हणाली, “उंच्यात जास्त हाय!”

“मी काही टाकलं का?”

“नाही.”

“काढलं?”

“नाही.”

“मग?”

“पण दिसून राहिलं न वं, इथवर!” तिनं ग्लासावर बोट ठेवलं आणि माझ्या अडाणीपणाची तिला मनापासून कीव आली.

मी पोट धरून हसले. पंधरा मिनिटांत तीच पोर म्हातारीइतकी शहाणी आणि तीच पुन्हा तान्ही! कणीक तिच्या रोजच्या पाहण्यातली, पाणी नुसतं पिण्यातलं. मुलाची समज सगळीकडून एकदम वाढत नाही, जिथं रोजचा हात आणि डोळा फिरतो तिथं आधी पिकते, हे मला त्या स्वयंपाकघरात कळलं. इतका आनंद मला कुठल्याच परीक्षेनं दिला नव्हता.

वहीचं पान फाडायचं तर मागचं पानही सुटत होतं. अखेर ते सुंदर वाक्य मी खोडलं आणि खाली पोरीचे शब्द जसेच्या तसे लिहिले.

सोमवारी मॅडमनी ते पान बराच वेळ वाचलं.

“पुस्तकात चूक आहे म्हणता?”

“नाही मॅडम. पुस्तकातल्या मुलांच्या आया लांब रोट्या करत नसतील.”

त्यांनी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. “हे आधीच लिहून ठेवलं होतं ना?”

खोटं बोलायची हिंमत झाली नाही. मी “हो” म्हणाले. गेलं वर्ष, असं मनाशी म्हटलं.

मॅडमनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. “माझ्या वेळी मीही असंच लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या, “आणि मुलाला विचारायला गेलेच नव्हते.” मग पेन उघडून त्यांनी सही केली.