वॉशिंग मशीनच्या पिंपातला वेल

बॉथवेलला पॅशनफ्रूट होत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. टास्मानियातलं हे डोंगराळ गाव. जूनमध्ये हिवाळा सुरू झाला की नळातलं पाणी गोठतं, आणि ऐन उन्हाळ्यातही एखाद्या पहाटे दव गोठून टोमॅटो काळे पडतात. पण डल्सी ट्रिफिटला कुणी "होत नाही" म्हटलं, की तिच्या अंगात यायचं. अठ्ठावीस वर्षं तिने शाळेची बस त्या निसरड्या रस्त्यांवर चालवली होती, आणि एकही दिवस खाडा केला नव्हता. नवरा गेला, गुडघे गेले, तरी बाईने गाव काही सोडलं नाही.

तिची थोरली बहीण नोरीन रॉनशी लग्न करून क्वीन्सलंडात गेलेली, उबेत. तिच्या कुंपणावर पॅशनफ्रूटचा वेल तणासारखा माजायचा, आंबटगोड जांभळ्या फळांनी लगडून. दर रविवारी तिचा फोन यायचा.

"अजून त्या बर्फाच्या पेटीतच आहेस का गं? वीक ते घर आणि ये इकडे."

एका रविवारी डल्सी भडकली. "मीही पॅशनफ्रूट पिकवून दाखवीन."

"तू? बटाटे पिकव, बटाटे!"

"लाव पैज. दोन वर्षांनी ईस्टरला ये. माझ्या वेलाचं फळ पाव्हलोवा केकवर घालून तुला खायला घातलं नाही, तर घर विकून तुझ्याकडे येते."

बोलून गेली खरी, पण फोन ठेवल्यावर ती घरभर एक चक्कर मारून आली. हे घर, ही चूल, खिडकीतून दिसणारी ही टेकडी, सगळं तिने एका वेलावर लावलं होतं. आणि शब्द फिरवणं तिला या जन्मात जमणारं नव्हतं.

जमिनीत वेल गारठून मरणार, म्हणून तिने जुन्या वॉशिंग मशीनचं पिंप काढलं. भोकं आयतीच होती. शेजारच्या क्लाइवने खाली खुर्चीची चाकं बसवून दिली. होबार्टच्या बाजारातून आणलेलं कलम त्यात लावलं, की झालं: सकाळी व्हरांड्यातल्या उन्हात, संध्याकाळी आत चुलीशेजारी. पॅशनफ्रूटच्या बुडाशी मेंढीचं काळीज पुरायचं, ही तिकडची जुनी रीत. आई पुरायची, आजी पुरायची. डल्सीनेही चांगलं अर्धा किलो पुरलं. फरक इतकाच, की आईचा वेल परसात होता आणि हिचा बैठकीत, धगधगत्या चुलीजवळ. चौथ्या दिवशी क्लाइव दारातूनच नाक दाबून म्हणाला, "डल्सी, घरात कुणी गेलंय का? मला निदान कळवायचं तरी."

"वेलाचं खत आहे ते. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस."

पहिल्याच जूनमध्ये ती डोळे दाखवायला दोन दिवस होबार्टला गेली, आणि क्लाइव वेल आत घ्यायला विसरला. परत येऊन पाहते तो काय, वेल करपून काळाठिक्कर. क्लाइव पंधरा दिवस तिच्यासमोर आला नाही. डल्सी रोज त्या काड्यांशी बोलायची, कोमट पाणी घालायची. आणि सप्टेंबरात एके सकाळी मातीतून टपोरा हिरवा कोंब वर आला! बाईने आनंदाने क्लाइवला फोन करून माफ करून टाकलं.

तो कोंब म्हणजे राक्षसच निघाला. पडद्याच्या दांडीवर चढला, घड्याळ गिळलं, मग दिव्याला लोंबकळला. दुसरा हिवाळा त्याने हसत काढला. उन्हाळ्यात कृष्णकमळासारखी फुलं आली आणि मग चक्क अकरा फळं धरली. तीही नारिंगी.

"पॅशनफ्रूट जांभळं असतं ना?" क्लाइवने भीत भीत विचारलं.

"आधी नारिंगी होतं, मग जांभळं पडतं." डल्सीने ठोकून दिलं. वेल जगवणाऱ्या बाईला कोण शिकवणार!

ईस्टरच्या आदल्या दिवशी नोरीन आली, दोन कोट एकावर एक घालून. वेलापुढे उभी राहिली आणि एक पान हातात घेऊन उलटसुलट पाहू लागली.

"काय, बोलती बंद झाली ना?" डल्सी कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"डल्सी, त्या पानाला बोटं किती आहेत, मोज."

"पाच. का?"

"माझ्या वेलाच्या पानाला तीन असतात. अगं वेडे, हा खुंट आहे, कलमाखालचा रानटी वेल! वर बांधलेलं कलम पहिल्याच थंडीत मेलं. दोन वर्षं तू खुंटाला न्हाऊमाखू घालतेयस."

डल्सीने पानाची बोटं पुन्हा एकदा मोजली. मग स्वयंपाकघरात जाऊन अंडी फोडायला लागली. पाहुणी आली आहे म्हटल्यावर पाव्हलोवा व्हायलाच हवा. पांढरं फेटून भाजलं, वर साय लावली, त्यावर ती नारिंगी फळं फोडून ओतली. दोघी जेवायच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या. फळाला चव म्हणून नव्हती. भिजलेला कागद चावल्यासारखं. तरी नोरीनने ताटली चाटून पुसून संपवली.

"हरले मी," डल्सी म्हणाली. "सुट्ट्या संपल्या की घर विकायला काढते. बोलले होते, ते करीन." तिने चुलीकडे पाहिलं आणि चेहरा फिरवला.

नोरीनने चमचा खाली ठेवला. "तुला थंडी वाजते म्हणून मी बोलवत नाही गं. रॉन गेल्यापासून मला एकटीला करमत नाही. ती फळं कुंपणाखाली पडून सडतात. टोपली भरली तरी द्यायची कुणाला?"

"मग हे सरळ सांगायचं सोडून दर रविवारी माझ्या गावाला शिव्या का घालत होतीस?"

"तू तरी कधी विचारलंस?"

डल्सीने पाव्हलोवाचा आणखी एक मोठा तुकडा बहिणीच्या ताटलीत वाढला. नोरीनने उठून वेलाच्या बुंध्यावर नखाने टकटक केलं.

"खुंट मात्र झकास आहे. सप्टेंबरात वसंत आला की चांगली फांदी आणून यावर बांधली, तर धरेल. कलम बांधायला मला येतं."

"वसंताला पाच महिने आहेत, नोरीन."

"मला मोजता येतं."

मंगळवारी दुकानं उघडली तशी नोरीन बाहेर पडली, आणि स्वतःसाठी लोकरीचे जाड पायमोजे घेऊन आली. सहा जोड.