रिकामी ओळ आणि खालाचा हात

भूतबाधा, करणी... असलं काही मी मानत नाही. मानणाऱ्यांशी भांडते. तरी हे लिहितेय, आणि कमेंटमध्ये मला अक्कल शिकवू नका. तुमच्याआधी सगळं तपासून झालंय.

मी कर्नेल प्रोग्रॅमर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात काम करते. वलवणला माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा, चिक्कीचा छोटा कारखाना आहे. तिथल्या चिक्की लाटणाऱ्या रोलरचा कंट्रोलर आमच्या कंपनीचा, त्याचा कोड मी लिहिला. लाल बटण दाबलं की रोलर थांबलाच पाहिजे.

त्या कोडमध्ये एक ओळ होती, दिसायला रिकामी. मूळ सी भाषेत ती नाही. आमच्या कंपायलरची, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमची, खास सोय आहे. यंत्राला ती काहीच करायला लावत नाही. कंपायलरला तेवढं बजावते — लक्षात ठेवलेलं विसर, मेमरीत पुन्हा बघ. ती नसली की कंपायलर शहाणपणा करतो. बटण दाबलंय का हे एकदाच वाचतो आणि कायम तेच धरून बसतो. आमच्या ऑफिसातल्या सरांसारखा.

सर म्हणाले, "रिकामी ओळ आपल्या कोडिंगच्या नियमांत बसत नाही. काढ."

"सर, कुणाचा तरी हात जाईल."

त्यांनी मला न विचारता ओळ उडवली आणि तेच व्हर्जन खालाच्या यंत्रातल्या कंट्रोलर बोर्डवर चढवलं. मला पत्ता नाही.

भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत, खालाचा हातमोजा रोलरमध्ये ओढला गेला. मी पलीकडून धावले... तोवर रोलर थांबला होता. बोटं शाबूत. पंखा, दिवे चालू, म्हणजे वीज गेली नव्हती. कंट्रोलरच्या स्क्रीनवर अक्षरं — 'स्टॉप्ड बाय यूजर', म्हणजे चालवणाऱ्याने थांबवलं. वाटलं, बटणाने वाचवलं.

खालाला पाणी देऊन मी यंत्र रिकामंच चालवून पाहिलं. बटण दाबलं. थांबेना. पुन्हा दाबलं, थांबेना. शेवटी मेन स्विच पाडला. लॅपटॉपवर बोर्डमधला कोड उघडला तर ती ओळच गायब, आणि बटण परत वाचणारी एकही सूचना नाही.

सरांना फोन केला. "थांबलं ना? मग तक्रार कसली?" पुढे मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग खालाला विचारलं, "तू बटण दाबलंस तरी कसं?"

"बटन? ते तुज्या बाजूला. माजा हात पोचतोय कुटं? मी नुसती वरडले, थांब मेल्या, कामाचा हात हाय."

बोर्डवर माइक नाही. कोडमध्ये आवाज ऐकायची सोय नाही. ती ओळ मी परत घातलीय, बटण आता चोख चालतं. पण खाला त्याच्याकडे बघतही नाही. रोज सकाळी रोलरला दम देते, "म्हनलं की थांबायचं," आणि मगच यंत्र सुरू करते. तिचा माझ्या कोडवर भरवसा उरलेला नाही, आणि तिचं चुकतंय असं म्हणायला माझ्याकडे एकही पुरावा नाही.